शिफारशीची पहिली ओळ

जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. कागदावरचा शिक्का उशिरा आला इतकंच. यावल तालुक्यातलं बामणोद आणि जळगावला खेटून असलेलं आसोदा या गावांची नावं वांग्यामुळे त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या तोंडी होती. आसोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर, म्हणजे मराठी वाचकाला ते दुसऱ्या वाटेनंही ठाऊक असतं. फिकट हिरवं, टोकाकडे पांढरट झाक मारणारं, पातळ सालीचं, कमी बियांचं आणि एका पंजात न मावणारं हे फळ. जून-जुलैत रोप टाकायचं, जुलै-ऑगस्टात लागवड करायची, ऑक्टोबरपासून तोडे सुरू होतात आणि थंडी सरेपर्यंत चालतात. चातुर्मासात वांगं वर्ज्य मानणारी घरं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि तिथून पुढे बाजारात या वांग्याची चंगळ असते.

याच दिवसांत खानदेशात शेताशेतावर भरिताच्या पार्ट्या रंगतात. बांधावर पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा, जाळ करायचा. त्यात वांगी टाकायची. साल काळी पडून तडकली, आतून रस सुटून फुसफुस आवाज आला, की काठीने ओढून बाहेर घ्यायची. साल सोलायची आणि गर लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या-लसणासह ठेचायचा. वर कांद्याची पात, कोथिंबीर, तेलात तळलेले शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. जेवणं उरकली की हमखास एक वाद निघतो. एखादा म्हातारा म्हणतो, आमच्या वेळी नुसत्या शेणखतावर वांगी व्हायची, म्हणून चव होती. लगेच कुणी तरणा विचारतो, ‘आबा, नुसत्या शेणखतावर माल निघतो का?’ दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि दोघांनीही एक कागद नीट वाचलेला नाही.

तो कागद म्हणजे वांग्यासाठीची खताची शिफारस. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं छापली जाणारी ही शिफारस दोन ओळींची आहे. पहिली ओळ: हेक्टरी 20 ते 25 टन चांगलं कुजलेलं शेणखत, पूर्वमशागतीच्या वेळी. दुसरी ओळ: हेक्टरी 150 किलो नत्र, 50 किलो स्फुरद आणि 50 किलो पालाश. त्यातलं अर्धं नत्र आणि सगळं स्फुरद-पालाश लागवडीच्या वेळी, उरलेलं नत्र हप्त्याहप्त्यानं. म्हणजे कृषी विद्यापीठांनी ‘सेंद्रिय की रासायनिक’ असा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. त्यांच्या उत्तरात दोन्ही होतं. गावात पोचेपर्यंत पहिली ओळ गळून पडली, कारण शेणखत मिळेना. दुसरी ओळ दुकानात विकत मिळत होती. तेवढीच शिल्लक राहिली. आज खानदेशात ‘रासायनिक शेती’ म्हणून जिला नावं ठेवली जातात ती पुष्कळदा ही अर्धी शिफारस असते.

या दोन ओळी एका झाडाच्या मापात उतरवल्या की गंमत कळते. भरिताचं वांगं ऐसपैस वाढतं, म्हणून ते साधारण मीटरभर अंतरावर लावलं असं धरू. हेक्टरी दहा हजार झाडं. 20 टन शेणखताचा वाटा झाडामागे दोन किलो. 150 किलो नत्राचा वाटा 15 ग्रॅम. युरियात 46 टक्के नत्र असतं, तेव्हा हे 15 ग्रॅम म्हणजे 33 ग्रॅम युरिया: अख्ख्या हंगामात, तीन-चार वेळा मिळून, पसाभरसुद्धा नाही. शेणखतात अर्ध्या टक्क्याच्या आसपास नत्र, त्याहून कमी, पाव टक्क्याच्या आतबाहेर, स्फुरद आणि पुन्हा अर्ध्या टक्क्याच्या आसपास पालाश असतं. दोन किलोंत नत्र 10 ग्रॅम झालं, पण त्यातलं पहिल्या हंगामात झाडाला मिळतं जेमतेम एक तृतीयांश. तीन ग्रॅम. आबांचा मुद्दा इथे कमकुवत पडतो.

पालाशाचा हिशेब मात्र उलटा लागतो. शिफारशीतला पोटॅश झाडामागे पाच ग्रॅम पालाश देतो. दोन किलो शेणखत दहा ग्रॅम देतं आणि शेणातलं पालाश बहुतांशी पाण्यात विरघळणारं असल्यामुळे ते लवकर हाती लागतं. वांग्याचं झाड जमिनीतून नत्रापेक्षा पालाश जास्त उचलतं. तेव्हा पहिली ओळ गाळताना शेतकऱ्याने नत्र थोडं गमावलं, पालाश दुपटीने गमावलं. खानदेशातली काळी जमीन मुळात पालाशाने श्रीमंत, म्हणून हे नुकसान पटकन दिसून येत नाही.

आता मुळाशी जाऊ, शब्दशः मुळाशी. वांग्याचं मूळ नत्र घेतं ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियम या दोन रूपांत. ते शेणातून आलं की गोणीतून, याचा पत्ता मुळाला लागत नाही. 1828 मध्ये फ्रिडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया तयार केला, तो गुरांच्या मूत्रात असतो तोच पदार्थ होता. पुढे फ्रिट्झ हाबरने हवेतलं नत्र अमोनियात बांधण्याची रीत दाखवली, कार्ल बॉशने ती कारखान्यात बसवली आणि 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे उत्पादन सुरू झालं. आजचा गोणीतला युरिया त्याच अमोनियापासून होतो. गोठ्यातल्या मूत्रातला आणि निमकोटेड गोणीतला रेणू एकच. फरक आहे तो सोबत काय येतं याचा आणि किती वेगाने येतं याचा.

वेगाचं आधी बोलू. युरिया जमिनीत पडला की काही दिवसांतच त्याचा अमोनिया होतो आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बराचसा नायट्रेट. तापी-पूर्णेच्या पट्ट्यातली जमीन चुनखडीची, सामू साडेसातच्या वर, कित्येक ठिकाणी आठच्याही पुढे. अशा जमिनीवर युरिया नुसता फेकून दिला आणि दोन दिवस पाणी मिळालं नाही, तर त्यातला मोठा हिस्सा अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जातो. ऊन असेल तर चौथा हिस्सासुद्धा. म्हणून जाणते शेतकरी झाडाभोवती बोटभर खोल बांगडी काढतात, तिच्यात युरिया टाकून वर माती ओढतात आणि मग पाणी सोडतात. जास्तीचं काम, एवढंच. पण मजुरीच्या टंचाईत हेच काम पहिल्यांदा टळतं आणि मग ‘बॅगेत दम राहिला नाही’ अशी तक्रार ऐकू येते. उलट टोकाला, पाटपाणी भरमसाठ दिलं तर नायट्रेट मुळांच्या खाली निघून जातं.

शेणखताला अशी घाई नसते. जमिनीतले जिवाणू ते सावकाश मोडतात आणि ओल, ऊब असेल तसतसं नत्र सोडतात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट उबेत हे काम झपाट्याने चालतं. पण डिसेंबरमध्ये जळगावचा पारा रात्री दहा अंशांच्या खाली जातो, जिवाणू थंडावतात आणि नेमक्या त्याच वेळी झाड फळांनी लगडलेलं असतं, बाजारात मागणी चढलेली असते. इथे ‘माल निघतो का’ विचारणाऱ्या तरुणाचं म्हणणं खरं ठरतं. दर तोड्याबरोबर झाड काही ना काही देऊन बसतं आणि ते भरून काढायला थंडीत शेणखत एकटं पुरत नाही. अशा वेळी विद्राव्य नत्राचा एक हलका हप्ता जे करतो ते दोन ट्रॉल्या शेणखताने होत नाही.

जळगावात ठिबकने हे आणखी सोपं केलं. भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशनमुळे ठिबक सिंचनाचं नाव या शहराशी देशभर जोडलं गेलं. केळीवाल्यांनी ते उचललं आणि वांगी-टोमॅटोवाल्यांनी त्यांचं पाहून. सुरुवातीला 19:19:19, फुलोऱ्याच्या सुमाराला 12:61:0, फळं धरल्यावर 13:0:45 ही आकड्यांची भाषा आता शाळकरी पोरांनाही पाठ असते. आठवड्याला दोन-तीन किलो खत पाण्यातून थेट मुळाशी. वाया जाणं कमी, मजुरी नाही. मात्र ठिबकच्या नळीतून शेणखत जात नाही. गाळलेली स्लरी सोडण्याचे प्रयोग होतात आणि ड्रीपर तुंबले की थांबतात. म्हणून जिथे ठिबक आलं तिथे पहिली ओळ विसरायला आणखी एक सबब मिळाली.

सोबत काय येतं, हा दुसरा फरक, आणि खानदेशच्या जमिनीसाठी तो जास्त मोलाचा. चुनखडीच्या जमिनीत सुपर फॉस्फेटमधलं स्फुरद चुन्याशी बांधलं जाऊन अडकून पडतं. लोह आणि जस्तही तसंच. जमिनीत असूनही मुळाला मिळत नाहीत आणि कोवळी पानं शिरा सोडून पिवळी पडतात. शेतकरी त्याला नत्राची कमतरता समजून आणखी युरिया टाकतो. ही जुनी आणि महागडी चूक आहे. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातली आम्लं लोह-जस्ताला धरून ठेवतात, चुन्याच्या तावडीत जाऊ देत नाहीत. म्हणूनच फेरस सल्फेट आणि झिंक सल्फेट सरळ जमिनीत न टाकता आठ-दहा दिवस शेणखतात मुरवून मग द्यावं, असं सांगितलं जातं. सुपर फॉस्फेटही शेणखतात मिसळून दिलं की कमी अडकतं. इथे गोणीतल्या खताचं काम शेणखतामुळेच होतं आणि पहिली ओळ गाळणारा माणूस दुसऱ्या ओळीचेही पैसे अर्धे वाया घालवतो. याशिवाय काळ्या जमिनीची भेगाळण्याची खोड, तिच्यात पाणी साचणं, उन्हात ती दगडासारखी होणं हे सगळं सेंद्रिय कर्ब वाढला की सुसह्य होतं. युरियाची एकही गोणी हे करू शकत नाही.

शेणखताचे गुण गाताना त्याचे दोषही बोलले पाहिजेत. उकिरड्यातून अर्धवट कुजलेलं शेणखत उचललं तर सोबत तणाचं बी येतं, हुमणीची अंडी-अळ्या येतात, वाळवी येते. न कुजलेल्या काडीकचऱ्यात कर्ब फार आणि नत्र कमी. असा कचरा जमिनीत गाडला की तो कुजवणारे जिवाणू जमिनीतलंच नत्र खातात आणि वांग्याची रोपं महिनाभर पिवळी राहतात. उन्हाळाभर उघड्यावर पडलेल्या उकिरड्यातलं नत्र निम्म्याहून जास्त हवेत आणि पहिल्या पावसात गेलेलं असतं. गावात ज्याला शेणखत म्हणतात त्यात खत किती आणि माती किती, हे ट्रॉली रिकामी झाल्यावर कळतं.

या वादावर जगात सर्वांत जास्त काळ चाललेला पुरावा इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडचा. जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी 1843 मध्ये ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हाचे पट्टे आखले: एका पट्ट्याला दरवर्षी हेक्टरी 35 टन शेणखत, दुसऱ्यांना रासायनिक खतं, एकाला काहीच नाही. हा प्रयोग आजही चालू आहे. शंभरावर वर्षं शेणखताच्या आणि पुरेशा रासायनिक खताच्या पट्ट्यांचं उत्पादन बरोबरीनं राहिलं. रासायनिक खताने जमीन मेली नाही; पण शेणखताच्या पट्ट्यात सेंद्रिय कर्ब दुपटीच्या वर गेला. आणि नव्या जोमदार जाती आल्यावर सर्वांत जास्त पीक दिलं ते शेणखत अधिक नत्र अशा जोडीने. खानदेशच्या शेजारी, याच पूर्णेच्या खोऱ्यात, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीत ज्वारी-गव्हावर दीर्घकालीन खत प्रयोग चालतो. तिथेही नुसतं नत्र दिलेले तुकडे मागे पडतात आणि पूर्ण नत्र-स्फुरद-पालाशाबरोबर शेणखत दिलेले तुकडे पुढे राहतात. गहू-ज्वारी म्हणजे वांगं नव्हे, हे खरं. जमीन मात्र तीच.

आबांची चवीची गोष्ट राहिली. भरिताच्या चवीत जातीचा वाटा मोठा, त्यानंतर थंडीचा आणि फळ कोणत्या वयाला तोडलं याचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने भरिताच्या वांग्यासाठी ‘फुले हरित’ ही जात दिली. तीच जात एप्रिलच्या उन्हात काढली तर ती डिसेंबरची चव देत नाही. खताचा हात चवीवर फिरतो तो नत्र अति झाल्यावर. झाड लुसलुशीत वाढतं, पानं गर्द होतात, फळ फुगतं पण पाणचट होतं. कोवळ्या शेंड्यांवर तुडतुडे आणि मावा चढतात. तुडतुड्यांमागून पर्णगुच्छ रोग येतो, ज्याला शेतकरी बोकड्या म्हणतात. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी तर वांग्याची जन्माची वैरीण. मग फवारण्या वाढतात. ‘रासायनिक वांगं’ म्हणताना गिऱ्हाइकाच्या मनात जी भीती असते ती खरं तर या फवारणीची असते, खताची नव्हे. जास्तीच्या युरियाने ती भीती खरी होण्याची वाट मोकळी होते, एवढाच खताचा दोष. 2010 मध्ये बीटी वांग्यावर केंद्र सरकारने स्थगिती आणली तेव्हा देशभर झालेल्या वादाच्या मुळाशीही हीच अळी होती.

सेंद्रियच्या बाजूने हल्ली सर्वांत मोठा आवाज जीवामृताचा. अमरावतीचे सुभाष पाळेकर, ज्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी ही रीत घराघरांत पोचवली: दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन, बांधावरची मूठभर माती, 200 लिटर पाणी, हे एका एकराला. यात नत्र किती? शेणातून 30-40 ग्रॅम, मूत्रातून शंभरेक, बेसनातून साठ-सत्तर. ढोबळ हिशेबाने 200 ग्रॅम. एकरभर वांग्याला शिफारस आहे 60 किलोची. हंगामात दहा वेळा जीवामृत सोडलं तरी दोन किलो नत्र होतं. पाळेकर स्वतः जीवामृताला झाडाचं अन्न म्हणत नाहीत, विरजण म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण विरजणाला दूध लागतं. जमिनीत कुजण्यासारखं काही नसेल, आच्छादन नसेल, तर दोनशे लिटर पाण्यातले जिवाणू खाणार काय? जीवामृतावर भरघोस वांगी काढणाऱ्यांच्या शेतात डोकावलं की पाचटाचं, काडीकचऱ्याचं जाड आच्छादन किंवा आधीच्या वर्षांचं शेणखत हमखास सापडतं. श्रीलंकेने 2021 मध्ये एका फटक्यात रासायनिक खतांची आयात बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपर्यंत निर्णय फिरवला. जमिनीत साठा केल्याशिवाय गोणी काढून घेतली की काय होतं, हे तिथे भाताच्या शेतांनी दाखवलं.

खरी अडचण पहिल्या ओळीच्या आकड्यातच आहे. एक जनावर दिवसाला दहाएक किलो शेण टाकतं. वर्षाला साडेतीन टन. कुजून, आटून त्याचं दीड-दोन टन खत होतं. म्हणजे एका हेक्टर वांग्याला 20 टन द्यायचं तर दहा-बारा जनावरांचं वर्षभराचं शेण हवं. ट्रॅक्टर आल्यावर बैलजोड्या गेल्या, चाऱ्याच्या टंचाईत गाई-म्हशी कमी झाल्या. आता शेणखतही लांबून ट्रॉलीने विकत आणावं लागतं.

धुळे जिल्ह्यात याला एक जुना उपाय अजून जिवंत आहे: मेंढ्या बसवणं. साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन बाहेर पडतात. पीक निघालेल्या रानात शेतकरी त्यांना रात्री मुक्कामाला बोलावतो, बदल्यात धान्य किंवा रोख देतो. संध्याकाळी जाळ्या ठोकून वाडा उभा राहतो, सकाळी तो वावरात थोडा पुढे सरकवला जातो. असं करत सगळं रान खतवलं जातं. लेंडीखतात शेणखतापेक्षा नत्र कितीतरी जास्त असतं, शिवाय मेंढ्यांचं मूत्र जागच्या जागी जमिनीत मुरतं. उकिरड्यात वाया जातं ते नत्र इथे हाती लागतं. ट्रॉलीचं भाडं नाही, भरणं-उपसणं नाही. या लोकांना चराईवरून हाकलून लावणारी गावं कोणत्या खताला लाथ मारतात, याचा हिशेब कुणी तरी मांडायला हवा.

आणि पऱ्हाटी? खानदेशात कपाशी निघाली की लाखो एकरांवरची पऱ्हाटी उपटून बांधावर जाळली जाते. भरिताला लागते ती त्यातली चिमूटभर. जाळल्यावर राखेत पालाश आणि चुना उरतो, नत्र आणि कर्ब मात्र धुरात जातो. यावर उत्तर शंभर वर्षांपूर्वी इथून जवळच शोधलं गेलं होतं. अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत होते. कपाशी आणि तुरीच्या काड्या इतक्या टणक की कुजेनात, म्हणून ते त्या शेतातल्या रस्त्यांवर पसरत. जाणाऱ्या-येणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा झाला की तो गोठ्यात अंथरत आणि शेण-मूत्राने भिजलेला हा चुरा थर रचून कुजवत. यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर त्यांनी 1931 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. आज बैलगाडीऐवजी ट्रॅक्टरवर चालणारं श्रेडर आहे. काम तेच आहे, फक्त ते भाड्याने मिळायला हवं आणि वेळेवर मिळायला हवं.

पुसदच्या नारायण पांढरीपांडे, म्हणजे ‘नाडेप काकां’नी, शेण कमी असणाऱ्यांसाठी वेगळी वाट काढली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भोकं ठेवलेल्या विटांचा हौद. त्यात काडीकचरा आणि मातीचे थर आणि शेण फक्त क्विंटलभर, काल्यासारखं शिंपडायला. तीन-चार महिन्यांत तीनेक टन खत. असे तीन हौद एका एकर वांग्याची पहिली ओळ पुरी करतात.

जळगावकडे तर यापेक्षाही जवळचा साठा आहे. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात घड कापल्यावर उरलेले खांब शेताबाहेर, नाल्याकाठी, रस्त्याकडेला टाकले जातात. केळीला झाडामागे 200 ग्रॅम नत्र आणि 200 ग्रॅम पालाश देण्याची शिफारस आहे आणि त्या पालाशाचा मोठा वाटा घडात न जाता खांबा-पानांतच राहतो. भारत पोटॅश जवळपास सगळा बाहेरून आणतो, कॅनडा-रशिया-जॉर्डनकडून. आणि तो नाल्यात फेकला जातो इथे. शेजारच्या गुजरातमधल्या नवसारी कृषी विद्यापीठाने केळीच्या खांबाच्या रसापासून द्रवरूप खत बनवून दाखवलं आहे. तेवढ्या यंत्रसामग्रीचीही गरज नाही. खांबाचे तुकडे करून शेणाचा काला शिंपडून ढीग लावला तरी ते सहज कुजतात, कारण त्यांत पाणीच भरपूर.

मग हे होत का नाही? कारण युरिया स्वस्त आहे. 45 किलोची निमकोटेड गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. म्हणजे नत्र किलोला तेरा रुपयांच्या आत पडलं. 2010 मध्ये स्फुरद-पालाशाच्या खतांसाठी नवं अनुदान धोरण आलं, त्यांच्या किमती बाजाराबरोबर हलू लागल्या. युरिया त्यातून बाहेर ठेवला गेला. शेतकरी हिशेबी असतो. जे स्वस्त ते जास्त टाकतो. खरिपात रॅक लागायला उशीर झाला की युरियासाठी रांगा लागतात आणि काही दुकानांत त्याच्याबरोबर नको असलेलं काही गळ्यात मारलं जातं. त्या ‘लिंकिंग’वर वर्तमानपत्रं दरवर्षी लिहितात. शेणखत वाहायला मात्र कुणी अनुदान देत नाही.

एक एकर भरिताचं वांगं लावणाऱ्यासाठी या सगळ्याचा व्यवहार असा बसतो. आठ टन चांगलं कुजलेलं खत, मग ते शेणाचं असो, लेंडीचं असो की केळीच्या खांबांचं, हे आधी. त्यातच सुपर फॉस्फेट, आणि माती तपासणीत कमी निघालं असेल तर जस्त-लोह मुरवून. सोबत शंभर किलो निंबोळी पेंड; तिच्यातून पाचेक किलो नत्र मिळतं आणि मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींनाही ती आवरते. एवढं जमिनीत असेल तर एकराला लागणाऱ्या युरियाच्या तीन गोण्यांपैकी एक सहज वाचते. उरलेल्या दोन लागवडीपासून जानेवारीपर्यंत लहान लहान हप्त्यांत, मातीआड करून. पोटॅश माती तपासणी सांगेल तेवढाच. आठ टन खत जमणार नसेल, तर एकराऐवजी पंधरा-वीस गुंठेच वांगं लावावं आणि त्याला दोन्ही ओळी पुऱ्या द्याव्यात. अर्ध्या शिफारशीवर उभ्या केलेल्या एकरापेक्षा ते परवडतं. मातीचा नमुना एप्रिल-मे महिन्यांत, शेणखत पसरण्याआधी घ्यायचा असतो.